‘श्टार्कबियर’ला मराठीत ‘कडक बियर’ म्हणावं का?

प्रश्न: म्युनिकमध्ये ईस्टरआधीच्या उपवासकाळात जी दाट बियर निघते, तिच्यावरचा मजकूर मराठीत करते आहे. ‘श्टार्कबियर’ला ‘कडक बियर’ आणि चवीला ‘माल्टी’ असं लिहिलं तर चालेल?

उत्तर: ‘कडक’ नको. आपल्याकडे कडक बियर म्हणजे चढणारी. ‘श्टार्क’ म्हणजे जोरदार, पण जर्मन लोक हा जोर मोजतात तो आंबवण्याच्या आधी, माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या सातूच्या) गोड पाण्यात किती अर्क उतरला आहे त्यावरून. 100 ग्रॅममध्ये निदान 16 ग्रॅम अर्क असेल तर ती बॉक, 18 असेल तर डॉपेलबॉक. हा सगळा अर्क आंबत नाही. जो मागे राहतो त्यानेच बियरला अंग येतं. म्हणून मी ‘भरदार’ म्हणेन.

‘माल्टी’ला तर ‘खरपूस’ हा आपला नेमका शब्द आहे. रवा भाजताना जो वास सुटतो, तशाच भाजणीतून माल्टचा स्वाद तयार होतो. म्युनिकच्या पाउलानर कंपनीची ‘साल्वाटोर’ ही डॉपेलबॉक चाखून पाहा: तांबूस तपकिरी रंग, आधी पावाच्या कडेची खरपूस चव, मागून मनुकांसारखा गोडवा, आणि हॉप्सचा (बियरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा) कडूपणा अगदी शेवटी, तोही जेमतेम. बर्फगार प्यायलात तर यातलं काहीच कळत नाही, थोडा गारवा उतरू द्या. ‘गोड’ एवढंच लिहिलंत तर वाचणाऱ्याला सरबत वाटेल.

दुसरं उत्तर: ‘खरपूस’ एकदम पटलं. ‘भरदार’बद्दल मात्र हरकत आहे. साल्वाटोरमध्ये अल्कोहोल 7.9 टक्के असतं. ज्याच्यासमोर लिटरभराचा मग येतो, त्याला ते आधी कळायलाच हवं.

पहिले उत्तरकर्ते: कळायला हवंच, पण ते काम आकड्याचं. ‘भरदार, 7.9 टक्के’ असं लिहा. आपल्याकडच्या बऱ्याच स्ट्राँग बियरही 8 टक्क्यांच्या आसपास असतात, तरी तोंडात पातळ लागतात, कारण त्यांत तांदूळ किंवा साखर घालून अल्कोहोल वाढवलेलं असतं. डॉपेलबॉकचा सगळा जोर माल्टचा. दोन्हींना ‘कडक’ म्हटलं की हा फरकच पुसला जातो.

प्रश्नकर्ती: आणि ‘बॉक’? बाटलीवर बोकड असतो म्हणून ‘बोकडबियर’ असं कुठेसं वाचलं.

पहिले उत्तरकर्ते: ‘बॉक’च ठेवा. ही बियर मूळची उत्तर जर्मनीतल्या आइनबेक गावची. म्युनिककडच्या बव्हेरियन उच्चारात ‘आइनबेक’चं ‘आइन बॉक’ झालं, म्हणजे ‘एक बोकड’, आणि चित्र त्यावरून आलं. भाषांतर केलंत तर गावाचं नाव हरवेल.