१८८५-ओ मॉर्गन डॉलरवरचा रंग नैसर्गिक आहे का? ग्रेडबद्दलही मदत हवी

नमस्कार मंडळी,

इथे जुन्या चांदीच्या नाण्यांवर नजर बसलेले बरेच सभासद आहेत, म्हणून सविस्तर लिहिते. मी ओहायोत राहते. राणीछाप रुपये जमवायचा नाद होताच, इकडे आल्यावर तो मॉर्गन डॉलरकडे, म्हणजे अमेरिकेच्या जुन्या चांदीच्या एक डॉलरच्या नाण्याकडे वळला. आत्तापर्यंत सगळे पांढरेच, म्हणजे रंग न चढलेले घेतले. परवा एका नाणेविक्रेत्याकडे पहिल्यांदा रंगीत नाणं हातात आलं आणि परत खाली ठेवावंसं वाटलं नाही. परत करायची मुदत पुढच्या आठवड्यापर्यंत आहे.

नाणं १८८५ चं, न्यू ऑर्लीन्स टांकसाळीचं. मागच्या बाजूला माळेच्या गाठीखाली 'ओ' स्वच्छ दिसतो. वजन २६.७ ग्रॅम, व्यास ३८.१ मिमी. नाणं स्लॅबमध्ये (ग्रेड देणाऱ्या संस्थेच्या सीलबंद प्लास्टिक डबीत) नाही, सुटंच आहे. विक्रेता त्याला एमएस ६४ (न वापरलेल्या नाण्यांच्या ६० ते ७० या ग्रेडमधली ६४) म्हणतो आणि रंगासाठी पांढऱ्या ६४ च्या जवळजवळ तिप्पट पैसे मागतो.

पुढच्या बाजूला डावीकडे, ताऱ्यांच्या ओळीवर, चंद्रकोरीसारखा रंगाचा पट्टा आहे. चेहऱ्याकडून कडेकडे गेलं की आधी पांढरं, मग फिकट सोनेरी, मग तांबूस, किरमिजी, निळा, आकाशी, आणि अगदी कडेला पुन्हा पिवळा-गुलाबी. भिंगातून पाहिलं तर निळ्या भागात कापडाच्या विणीसारख्या बारीक आडव्या-उभ्या रेघा दिसतात. हे नाणं कधीतरी टांकसाळीच्या हजार-हजार डॉलरच्या किंतानी पिशवीत कापडाला टेकून पडलं असावं आणि उरलेला भाग शेजारच्या नाण्याने झाकला असावा, असं मला वाटतं.

मग अडतंय कुठे? मागच्या बाजूला. गरुडाच्या डाव्या पंखाखाली एक जांभळा-निळा डाग आहे आणि तो पांढऱ्यातून एकदम निळ्यात जातो. मधला सोनेरी मला दिसत नाही. शिवाय चेहऱ्यावर कानाच्या वरचे केस सपाट आहेत. ही झीज आहे की ठसाच कमी उठलाय? झीज असेल तर ६४ सोडाच, नाणं एयू ५८ वर, म्हणजे किंचित वापरलेल्यांत येईल.

दोन्ही बाजूंचे फोटो जोडले आहेत. एकाच दिव्याखाली, नाणं थोडं कलतं धरून काढलेत.

आणेपैसे:

पुढची बाजू मला आवडली. चांदीवर हवेतल्या आणि कापडातल्या गंधकाचा अतिशय पातळ थर चढतो आणि पाण्यावर सांडलेल्या तेलासारखे त्यातून रंग दिसतात. रंग थराच्या जाडीवर ठरतो, त्यामुळे त्यांचा क्रम ठरलेला असतो: सोनेरी, किरमिजी, निळा, आकाशी, मग जाडी वाढली की पिवळा, गुलाबी, हिरवा अशी दुसरी फेरी. तुमच्या पट्ट्यात हा क्रम बरोबर आहे. उष्णता किंवा रसायनं वापरून घाईत चढवलेल्या रंगात बरेचदा मधली पायरी गळते.

मागचा डाग मात्र दहापट भिंगाखाली, दिवा बाजूला ठेवून पुन्हा बघा. थराची जाडी थोड्याशा अंतरात वाढली असेल तर सोनेरी पट्टी केसाएवढी बारीक होते आणि फोटोत येतच नाही. शिवाय नाणं दिव्याखाली हळूहळू फिरवा. चाकाच्या आऱ्यांसारखी फिरणारी झळाळी रंगाच्या आतूनही सलग फिरली पाहिजे. रंग वर तरंगतोय आणि झळाळी तिथे येऊन थांबतेय असं दिसलं, तर मी ते नाणं घेणार नाही.

आणखी एक खूण. रंगीत भागातले ओरखडे बघा. ओरखड्याचा तळ पांढरा चकाकत असेल तर तो रंगानंतर पडला. तळातही शेजारचाच रंग असेल तर आधीचा, पिशवीत नाण्यावर नाणं आपटून पडलेला, आणि त्याने काही बिघडत नाही. पण बारीक समांतर रेघांच्या बाजूने रंग गडद झाला असेल, तर नाणं कोणीतरी पुसलं होतं आणि नंतर त्यावर रंग चढला.

नर्मदाकाठ:

ग्रेडबद्दल मी सांगतो. न्यू ऑर्लीन्सचे बरेचसे डॉलर कमी दाबाने छापलेले असतात. कानावरचे केस आणि गरुडाची छाती सपाट असणं या टांकसाळीत नेहमीचं आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा १८८१-एस शेजारी ठेवलात तर फरक लगेच कळेल, त्याची बट अन् बट उठलेली असते.

सपाट जागेचा पोत बघा. ठसा कमी उठला असेल तर तिथे मूळ चकतीचा खरखरीतपणा राहतो आणि उजेडही खेळतो. झीज असेल तर ती जागा गुळगुळीत, मळकट करडी दिसते आणि तिथे झळाळी तुटते. गालाचा उंचवटा आणि गरुडाची छाती या दोन जागा सगळ्यात आधी बोलतात. रंगीत नाण्यात जास्त सावध राहावं लागतं, कारण गडद रंगाखाली हलकी झीज सहज लपते.

फोटोत गालावर दोन ठळक खुणा दिसतात. मॉर्गनमध्ये गाल हा मोकळा, गुळगुळीत भाग असल्यामुळे तिथल्या खुणा ग्रेड खाली ओढतात. मला हे ६३ वाटतं. आणि १८८५-ओ दुर्मीळ नाही, नव्वद लाखांहून जास्त छापले होते. १९१८ च्या पिटमन कायद्याखाली सुमारे २७ कोटी डॉलर वितळवले गेले, तरी हे वर्ष कोऱ्या अवस्थेत भरपूर मिळतं. म्हणजे जादा किंमत सगळी रंगाची आहे. रंगावर विश्वास बसला तरच द्या.

कळकळीची विनंती: घरात कोणी चांदी दिसली की चिंच-रांगोळी घेऊन बसत असेल, तर हे नाणं त्यांच्या हाती लागू देऊ नका. आणि मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, त्यातला पीव्हीसी नाण्यावर हिरवट चिकट थर सोडतो.

आणेपैसे:

विक्रेत्याशी एक बोलून घ्या. नाणं पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून ग्रेड देणाऱ्या संस्थांकडे पाठवायचं, आणि रंग संशयास्पद म्हणून ग्रेडचा आकडा न मिळता परत आलं तर पूर्ण पैसे परत, हे लेखी घ्यायचं. स्वतःच्या मालावर भरवसा असलेला माणूस बहुधा तयार होतो.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. आज सकाळी भिंग आणि टेबललॅम्प घेऊन बसले. कानावरचे केस सपाट असले तरी खरखरीत आहेत आणि उजेड त्यांच्यावरून सलग जातो. गालावरही झळाळी कुठे तुटत नाही. म्हणजे झीज नाही. दोन्ही खुणांचे तळ पांढरेच आहेत, पण त्या रंगाच्या पट्ट्याबाहेर आहेत, त्यामुळे त्यांच्यावरून काही ठरत नाही. ६३ मला पटतंय.

मागच्या डागाला खालच्या बाजूने खरंच सोनेरी किनार आहे, अगदी धाग्याएवढी. वरच्या, पंखाकडच्या बाजूला मात्र ती मला अजूनही सापडली नाही. झळाळी डागातून फिरते, पण निळा गडद असल्याने मंद दिसते. विक्रेत्याला लेखी अटीबद्दल फोन केला आहे, तो उद्या सांगतो म्हणाला.

तोवर डागाच्या वरच्या कडेचे तीन नवे फोटो टाकते आहे, दिवा अनुक्रमे डावीकडे, वर आणि उजवीकडे ठेवून. पंखाच्या पिसांना लागून रंग थांबतो तिथे तुम्हाला काय दिसतं, ते सांगाल का?