एक्स्प्रेस वेवर इलेक्ट्रिक गाडीचा टोल कापला जातोय, कोणाकडे दाद मागू?

वीजगाडीवाली

नमस्कार मंडळी,

दोन महिन्यांपूर्वी इलेक्ट्रिक कार घेतली. आई वाशीला एकटी असते, त्यामुळे शनिवारी सकाळी कोथरूडहून निघायचं आणि रविवारी रात्री परत, हा आमचा नेम. गाडी घ्यायच्या आधी जो हिशेब मांडला त्यात टोलमाफीचा वाटा मोठा होता, खोटं कशाला बोलू! राज्याच्या मे २०२५ च्या ईव्ही धोरणात मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे, समृद्धी आणि अटल सेतू या तिन्हींवर इलेक्ट्रिक कारना पूर्ण माफी आहे, आणि ऑगस्टपासून ती लागूही झाली. जायचे ३२०, यायचे ३२०. आठवड्याला ६४० म्हणजे गाडीच्या कर्जाच्या हप्त्याला चांगलाच हातभार, असं नवऱ्याने कागदावर लिहूनसुद्धा दाखवलं होतं.

प्रत्यक्षात पहिल्या फेरीपासून पैसे जाताहेत. सात शनिवार-रविवार झाले, म्हणजे ४,४८० रुपये. शेजारच्या काकांची तीच गाडी, तोच रंग, त्यांना एक पैसा लागत नाही.

परवा नाक्यावर गाडी बाजूला घेऊन विचारलं. तिथला मुलगा बिचारा सभ्य होता. मी गाडीच्या हिरव्या नंबरपाटीकडे बोट दाखवलं, तर म्हणाला, "मॅडम, पाटी मला दिसते हो, पण वरचा स्कॅनर काचेवरचा फास्टॅग वाचतो. त्याला तुमची गाडी साधी कारच दिसते." मागून हॉर्न सुरू झाले, निघाले.

आरसी पुस्तकात इंधनासमोर इलेक्ट्रिकच लिहिलंय. रस्ता करही लागला नाही, बिलात तसं दिसतं. मग टोललाच काय झालं? टॅग देणाऱ्या बँकेच्या हेल्पलाइनवर दोनदा फोन केला, दोन्ही वेळा "नाक्यावर चौकशी करा". नाका म्हणतो बँकेत जा. कोणाला असा अनुभव आहे का?

रविवारचा_भटक्या

फास्टॅगचा वार्षिक पास काढा ना, २०० फेऱ्या मिळतात. १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू आहे.

वीजगाडीवाली

तोही प्रयत्न झाला. नवऱ्याने ॲपवर टाकून पाहिलं, टॅग पात्र नाही असं आलं. म्हटलं असेल काहीतरी, सोडून दिलं.

कर्वेनगरकर

भटकेराव, तो पास एक्स्प्रेस वेवर चालतच नाही. राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांसाठी आहे. हा रस्ता राज्याचा, रस्ते विकास महामंडळाचा.

आणि ताई, याच्या उलटंही लक्षात ठेवा. उद्या साताऱ्याला निघालात आणि खेड-शिवापूरला पैसे कापले तर भांडू नका, तो नाका राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा आहे, राज्याची माफी तिथे चालत नाही. आमच्या मेहुण्याने तिथे अर्धा तास वाद घातला आणि शेवटी भरून पुढे गेला.

जुना_मेकॅनिक

ताई, उत्तर तुमच्याच प्रतिसादात आहे. पास का नाकारला माहीत आहे? टॅग गाडीच्या नंबरावर नसून चेसिस नंबरावर, म्हणजे कंपनीने गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या क्रमांकावर, असला की पास मिळत नाही. नवी गाडी शोरूममधून निघते तेव्हा आरटीओचा नंबर पडलेला नसतो, म्हणून डीलर चेसिस नंबरावर टॅग लावून देतो. पुढे नंबर आला की तो टॅगला जोडायचा असतो. हे डीलर सांगत नाही आणि आपण विचारत नाही.

माझ्या मुलाच्या गाडीचं अगदी असंच झालं होतं. टोलच्या सिस्टीममध्ये माफीच्या गाड्या नोंदणी क्रमांकावरून ओळखल्या जातात. तुमच्या टॅगवर तो क्रमांकच नसेल तर गाडी इलेक्ट्रिक आहे हे त्याला कळणार कसं?

आधी बँकेच्या ॲपमध्ये टॅगचा तपशील उघडा. वाहन क्रमांकाच्या जागी एमएच-१२ दिसतं की सतरा अक्षरांची लांबलचक भानगड, ते बघा. भानगड असेल तर आरसी आणि काचेवरचा टॅग व पाटी दोन्ही दिसतील असा समोरून काढलेला फोटो अपलोड करा. आणि घाई करा. नंबर ९० दिवसांत जोडावा लागतो, नाहीतर टॅग बंद पडेल आणि नाक्यावर दुप्पट भराल.

वीजगाडीवाली

अहो काका, लांबलचक भानगडच आहे!! आत्ता बघितलं. दोन महिने रोज ॲप उघडून शिल्लक बघतेय आणि त्याच्या वरची ओळ कधी वाचली नाही. आरसी अपलोड केली. गेलेल्या पैशांचं काय होईल?

कर्वेनगरकर

मागा. डिसेंबर २०२५ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात विधानसभा अध्यक्ष नार्वेकरांनी आठ दिवसांत माफी नीट लागू करा आणि घेतलेला टोल परत करा, असे निर्देश सरकारला दिले होते. त्याचा हवाला द्या. बँकेत प्रत्येक कपातीची वेगळी तक्रार नोंदवा, एकत्र लिहिलंत तर एकाचाच क्रमांक देऊन मोकळे होतात.

वीजगाडीवाली

अपडेट देते. चार दिवसांनी ॲपमध्ये गाडीचा नंबर दिसायला लागला. काल शनिवारी निघालो. तळेगावला दांडा वर गेला, नवरा फोनकडे बघत बसला होता, मेसेज नाही. खालापूरलाही नाही. वाशीला पोचेपर्यंत मला खात्री वाटत नव्हती, पण रात्री शिल्लक जशीच्या तशी.

परताव्याच्या चौदा तक्रारी टाकल्या. तीन फेटाळल्या, कारण काय तर "व्यवहाराच्या दिवशी टॅगवर वाहन क्रमांक नव्हता". बाकीच्या अकरा अजून प्रलंबित दिसतात. आता आरसीची प्रत आणि नोंदणीची तारीख जोडून महामंडळाला पत्र लिहितेय. असं पत्र कोणी लिहिलं असेल तर मजकूर इथे टाका, प्लीज.