मदत हवी आहे: सतरा वर्षांच्या ऑटिस्टिक मुलासाठी थेरपिस्ट

नमस्कार. आम्ही पुण्यात, कोथरूडला. मुलगा अकरावीत आहे. लहानपणापासून थेरपी चालू आहे, पण सगळा भर 'नजरेला नजर दे, हात हलवू नकोस' यावरच. त्याच्या खिशात बाटलीचं एक निळं झाकण असतं, गर्दीत ते बोटांत फिरवत राहतो. मागच्या महिन्यात थेरपिस्टबाईंनी ते काढून घेतलं. तिथे तासभर गुपचूप बसला. घरी येऊन दोन तास पलंगाखाली. तेव्हापासून मीच जाणं थांबवलं. (सासूबाईंच्या मते मी लाडावून ठेवलाय. असो.)

त्याला 'नॉर्मल' करणारं कुणी नकोय. आवाजाचा त्रास, कॉलेजमधली दमछाक, मैत्री, वयात येणं यावर त्याच्याशी बोलेल, माझ्याशी नव्हे, असं कुणी हवंय. तोंडाने बोलण्यापेक्षा टाइप करणं त्याला सोपं जातं, ते चालायला हवं. ऑनलाइनही चालेल. स्वतः ऑटिस्टिक असलेल्या मोठ्या माणसांचा मराठी गट कुणाला माहीत असेल तर फारच बरं.

आणखी एक. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, यूडीआयडी कार्डही (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलंय. बारावीला जादा वेळ आणि लेखनिक हवा तर कॉलेजात अर्ज कधी द्यायचा? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.