जुन्या अमेरिकेतल्या कास्तकाराचं मृत्युपत्र वाचलं, आता आमचा आबाही तसंच लिहायचं म्हणते

पऱ्हाटीवाला (आर्वी):
राम राम मंडळी. विषय थोडा इचित्र हाये पण वाचा. माझा भाचा बोस्टनकडं नोकरीले हाये, त्याले जुन्या कागदायचा नाद, त्यानं तिकडच्या दोन-अडीचशे वर्षाआधीच्या कास्तकारायची मृत्युपत्रं व्हाट्सॅपवर धाडली अन फोनवर समजावून सांगतली. बहुतेकात तेच तेच येते. बायकोले जमिनीचा तिसरा हिस्सा पण हयातीपुरता, घरातली एक खोली, विहिरीवर जायची वाट, एक गाय, अन घर ज्या पोराले भेटलं त्यानं दरवर्षी तिच्या दाराशी जळतन फोडून आणून टाकायचं. हे सारं 'ती माझी विधवा म्हणून राहीन तोवर', दुसरं लगन केलं की संपलं. पोरीले गाय अन पिसाची गादी. एखाद्या पोराले फक्त एक शिलिंग, म्हंजे तवाचं एक नाणं!!

आता आमचा आबा ७६ चा, साडेनऊ एकर वावर, एक विहीर, आम्ही दोघं भाऊ, एक बहीण अन आई. मी हे आबाले वाचून दाखवलं हीच चूक झाली, तो म्हणते मलेही अस्संच लिहायचं, पार जळतनापर्यंत. तर थो अमेरिकेतला बुढा असं बारीक बारीक काहून लिहे, अन आपल्याकडं चालते का असं?

रिटायर्ड मास्तर (यवतमाळ):
भाऊ, तिकडे सगळीकडे एकच रीत नव्हती. मॅसॅच्युसेट्समध्ये, म्हणजे बोस्टनच्या राज्यात, बापाने काही न लिहिता डोळे मिटले तर थोरल्याला दुप्पट आणि बाकी पोरापोरींना एकेक वाटा, हे बायबलच्या जुन्या कराराला धरून होतं आणि १७८९ पर्यंत चाललं. व्हर्जिनियात मृत्युपत्र नसलं की सगळी जमीन थोरल्याची, ती रीत पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेफरसनच्या खटपटीने १७८५ च्या कायद्याने गेली. १७८७ ला ओहायोकडच्या नव्या मुलखासाठी नियम केले त्यात सगळ्या लेकरांना सारखंच.

बायकोचा तिसरा हिस्सा ही नवऱ्याची मेहरबानी नव्हती, तो इंग्रजी कायद्यातूनच आलेला हक्क. त्याने कमी लिहिलं तर ती मृत्युपत्र नाकारून आपला तिसरा हिस्सा मागू शकायची. शिलिंगचं म्हणाल तर दरवेळी तो राग नसे, पुष्कळदा त्या पोराला लग्नाच्या वेळीच जमीन देऊन झालेली असे, मग बाप त्याला विसरला नाही एवढं दाखवायला शिलिंग.

मला स्वतःला मजा वाटते ती यादीची. माणूस गेला की कोर्टाने नेमलेले शेजारचेच दोन-तीन कास्तकार घरात येऊन नांगर, कढई, गाद्या, डुकरं, सगळ्याची किंमत लिहून काढायचे. आपल्याकडे तेरवीच्या आत शेजारी कपाटात डोकावला तर काय होईल सांगा.

आणि दोन-तीन पिढ्यांत वावर पुरेनासं झालं तेव्हा ते पट्टे पाडत बसले नाहीत. घर-शेत एकाकडे, कधी कधी घरी राहिलेल्या धाकट्याकडे, आणि त्याने बाकीच्यांना हप्त्याहप्त्याने पैसे चुकवायचे. उरलेले कोणी लोहार झाले, कोणी पश्चिमेकडे नवी जमीन धरायला गेले. आपल्याकडे वावरापेक्षा धुरेच जास्त.

माहेरवाशीण (अकोट):
पिसांची गादी वाचून मला माझी आंदणातली भांडी आठवली. मास्तर, हेही सांगा ना की तिकडे लग्न झालं की बाईचं सामानसुमान नवऱ्याचं व्हायचं, म्हणजे बापाने दिलेली गाय दावं सोडल्याबरोबर जावयाची. माझ्याकडून भावाने राखीच्या दुसऱ्या दिवशी हक्कसोडपत्रावर सही घेतली, साडी दिली, मी पण दिली सही कारण माहेर तुटायला नको. रागाने नाही लिहीत. पण पऱ्हाटीवाले भाऊ, बहिणीला आधी विचारलं का? वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा महाराष्ट्रात १९९४ पासून आहे, देशभर २००५ ला झाला, आणि २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तो जन्मापासूनचाच आहे.

धुऱ्यावरचा (दर्यापूर):
मास्तर एक राह्यलं, दक्षिणेकडच्या मृत्युपत्रात गुलाम माणसंही वाटून देत, माय एकाले अन लेकरू दुसऱ्याले. तेही त्याच यादीत, बैलायच्या संग.

बाकी तो बुढा जळतन लिहून गेला ते बराबर केलं त्यानं. आमच्या वाटणीच्या कागदात मोटरपंपाची पाळी लिहिली, तीन दिवस मोठा तीन दिवस लहाना, कडुनिंबाच्या फांद्या कोणाच्या तेही लिहिलं, माह्या काकायच्या मायचं काहीच नाही लिहिलं. मंग माय एक महिना एकाकडं एक महिना दुसऱ्याकडं, अन ३१ चा महिना कोणाच्या वाट्याले जास्त येते यावरून माह्ये दोन काका ओट्यावर भांडले, अन बुढी आत बसून मेथी निवडत होती, सारं आयकू येत होतं तिले.

चहा आणि सातबारा (वरूड):
कामाचं सांगतो. आबा मृत्युपत्रात स्वतःच्या कमाईचं सगळं आणि वडिलोपार्जितमधला फक्त स्वतःचा हिस्सा देऊ शकतात, तुमचा किंवा बहिणीचा नाही. साध्या कागदावर चालते, स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदार पाहिजेत, ज्यांना हिस्सा मिळणार ते साक्षीदार नसलेले बरे. रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण करा, ७६ वय आहे तर डॉक्टरचा दाखलाही जोडा. जिवंतपणीच वाटायचं आणि सगळे राजी असतील तर तहसीलला जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप होते.

आणि जळतनाची अट आपल्याकडेही आहे बरं का. बक्षीसपत्र करून देत असाल तर 'आईवडिलांना सांभाळायचं' ही अट त्यात स्पष्ट लिहून घ्या, पोराने नाही सांभाळलं तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द करून मागता येते. बक्षीसपत्रात हा मुद्दा नसला की मग कठीण.

पऱ्हाटीवाला (आर्वी):
सगळ्यायचे आभार. रात्री जेवताना आईले सारं सांगतलं, हे खोली, वाट, जळतन. ती म्हणे जळतन कोण पेटवते आता, सिलेंडर लिहा. अन विहिरीची वाट नको, मोटरीचं बटन माह्या खोलीत बसवा. आबा चूप.
बहिणीले फोन लावला होता, माहेरवाशीण ताई. ती म्हणे दिवाळीले येतो, तोवर कागद आणू नका घरात.