संगीतपट सहसा न आवडणाऱ्याला ‘सिंगिंग इन द रेन’ का आवडावा?

धानपट्टा (ब्रह्मपुरी तालुका) यांचा प्रश्न

संगीतपटांशी माझे फारसे जमत नाही. बोलता बोलता पात्रे गाऊ लागली आणि रस्त्यावरची अनोळखी माणसेही ताल धरू लागली, की माझे कथेवरचे लक्ष उडते. तरीही रोवणी आटोपल्यावर मित्राच्या घरी भिंतीवर पांढरे धोतर ताणून 1952 सालचा ‘सिंगिंग इन द रेन’ पाहिला आणि तो शेवटपर्यंत आवडला. मूकपट मागे पडून बोलपट येऊ लागले, त्या 1927 च्या सुमाराच्या हॉलिवूडमधील धांदल त्यात आहे. मायक्रोफोन दिसू नये म्हणून तो आधी झुडपात लपवतात, मग नायिकेच्या पोशाखात शिवतात, तेव्हा संवादाऐवजी तिच्या काळजाची धडधड ऐकू येते. इंग्रजीचे एक अक्षरही न येणारी आमची आजी त्या प्रसंगाला पोट धरून हसली. गाणे सुरू झाल्यावर मात्र तिने विचारले, “आताच त बोलत होता, मंग गाऊन कावून रायला?” माझाही प्रश्न तोच आहे. हिंदी चित्रपटातील गाणी मला खटकत नाहीत, मग हीच का खटकावीत? आणि यानंतर मला सोसवेल असे काय पाहावे?

वडसेकर

आपण पूर्व विदर्भातील झाडीपट्टीची माणसे. दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजच्या कंपन्यांची नाटके रात्रभर चालतात, मध्येच लावणी होते, नायक दुःखाच्या भरात गातो आणि मंडपातील कोणीही ‘का’ असे विचारत नाही, कारण ऑर्गन-तबला वाजवणारे समोरच बसलेले असतात आणि हे नाटक आहे, हे सर्वांना आधीपासून मान्य असते. पडद्यावर खराखुरा रस्ता दिसतो, म्हणून तेथे गाणे खुपते. पण पावसातील नाच पुन्हा पाहावा. नायक जीन केली बहुतेक वेळ डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत दिसतो, त्यामुळे पावलांची लबाडी करायला वाव उरत नाही. तो पन्हळीखाली उभा राहतो, डबक्यात थयथय उड्या मारतो आणि पोलीस समोर येताच ओशाळतो. भर रस्त्यात गाणे विचित्र दिसते, हे त्या चित्रपटालाही ठाऊक आहे! म्हणूनच बहुधा तुम्हाला तो पचला असावा.

वर्धाकाठ

वडसेकरांचे म्हणणे पटते, परंतु त्यात एक भर घालावीशी वाटते. हा चित्रपट मुख्यतः गीतकार आर्थर फ्रीड आणि संगीतकार नॅसिओ हर्ब ब्राउन यांच्या जुन्या गाण्यांसाठी रचला गेला. गाणी आधीची आणि कथा नंतरची. त्यामुळे काही गाणी प्रसंगातून उगवत नाहीत, तर प्रसंगच त्यांच्यासाठी उभा केलेला दिसतो. शेवटाकडचा ‘ब्रॉडवे’चा लांबलचक नाच कथेच्या काडीच्याही उपयोगाचा नाही, तेवढ्या वेळात खुशाल चहा मांडावा.

मला अधिक बोचते ते वेगळेच. पडद्याआडून दुसरीसाठी गाणारी मुलगी आणि तिचे श्रेय लाटणारी नटी, हा या कथेचा कणा आहे. प्रत्यक्षात त्या मुलीचे काम करणाऱ्या डेबी रेनॉल्ड्सच्या काही गाण्यांना बेटी नॉयस हिचा आवाज आहे आणि श्रेयनामावलीत तिचे नाव नाही. आपल्याकडे 1935 च्या ‘धूप छाँव’पासून पार्श्वगायन रुळले आणि पुढे तर गायकाच्या नावावर चित्रपट चालू लागले. आवाज दुसऱ्याचा आहे, हे आपण उघडपणे स्वीकारले आहे. हिंदी गाणी तुम्हाला खटकत नाहीत, त्याचे एक कारण हेही असेल.

पांढरकवडा

‘काय पाहावे’ याचे उत्तर राहून गेले. बॉब फॉसी दिग्दर्शित ‘कॅबरे’ (1972) पाहावा. 1931 च्या बर्लिनमधील ही कथा आहे. जवळपास सर्व गाणी क्लबच्या रंगमंचावरच होतात, त्यामुळे तुमच्या आजींचा प्रश्न उद्भवतच नाही. रंगमंचाबाहेरचे एकच ठळक गाणे बिअरच्या बागेत एक कोवळा मुलगा गातो. कॅमेरा खाली सरकून त्याच्या दंडावरील नाझी पट्टी दाखवतो आणि एकेक करून बहुतेक लोक उठून गाऊ लागतात. अनोळखी माणसांनी सूर मिसळणे तुम्हाला खटकते ना? येथे ते खटकावे, यासाठीच योजले आहे. विषय प्रौढांचा आहे, म्हणून मुले झोपल्यावर लावावा.

धानपट्टा

सर्वांचे आभार. पोलिसाचा प्रसंग माझ्या नजरेतून निसटला होता. तो पुन्हा पाहीन. ‘कॅबरे’ धान कापणी झाल्यावर लावू. ‘ब्रॉडवे’च्या नाचाला चहा मांडण्याची सूचना मात्र घरात एकमताने नामंजूर झाली, कारण आजीला तो हिरव्या पोशाखातील नर्तिकेमुळे सर्वांत जास्त आवडला आहे.