तो फोटो आधी डिलीट करा

कुलकर्णी वहिनी बी-३०१: सुक्या कचऱ्यात परत औषधाची बाटली. फोटो टाकलाय, लेबल वाचा. टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन, डोल्युटेग्राव्हिर. गूगल केलं तर एचआयव्हीचं निघालं! कमिटीला माहीत आहे का हे? तिथे पोरं खेळतात.

डॉ. मंजिरी ए-२०४: तो फोटो आधी डिलीट करा. रिकाम्या बाटलीने पोरांना काही होत नाही. आणि एचआयव्ही आहे म्हणून कुणाला भाड्याने घर नाकारणं २०१७ च्या कायद्याने बंद आहे.

कुलकर्णी वहिनी: मी कुणाचं नाव घेतलं का?

शिंदे डी-१०२: नाव नाही घेतलं. पण परवा लिफ्टमध्ये 'नवे भाडेकरू' कोण म्हणत होतं?

कुलकर्णी वहिनी: केला डिलीट. झालं समाधान?

रोहन सी-२०३: काकू, 'डिलीट फॉर मी' झालंय 😂 आम्हाला दिसतोय अजून.

पाटील काका ए-१०१: माझा साधा प्रश्न. आमच्या एका ओळखीच्याच्या रिपोर्टात विषाणू सापडतच नाही. मग गोळ्या कशाला? कंपन्यांचा धंदा.

डॉ. मंजिरी: काका, तो रिपोर्ट रक्तात फिरणारा विषाणू मोजतो, लपलेला नाही. एचआयव्ही सीडी४ पेशीत, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका पेशीत, शिरला की आपली प्रत पेशीच्या डीएनएतच जोडून टाकतो. यातल्या काही पेशी पुढे स्मृतिपेशी (जुन्या जंतूंची ओळख ठेवणाऱ्या) होऊन निपचित पडून राहतात. त्या विषाणूची प्रथिनं बनवत नाहीत, म्हणून प्रतिकारशक्तीला त्यांचा पत्ता लागत नाही. गोळ्या नव्या पेशींची लागण अडवतात, आधीच जोडलेल्या प्रतीला हात लावू शकत नाहीत.

रोहन: म्हणजे आपलं सी-४०२. मालक अमेरिकेत, दाराला कुलूप, पण सोसायटीच्या कागदावर नाव आहेच.

सौ. गोखले सी-४०१: ते माझे दीर आहेत. मेंटेनन्स वेळेवर भरतात. काहींचं तसं नाही.

शिंदे: नॉन-ऑक्युपन्सी भरतात का पण?

सौ. गोखले: ते भाड्याने दिलं तर लागतं, बंद घराला नाही. बायलॉज वाचा जरा.

जोशी सेक्रेटरी: विषय भरकटतोय. कृपया.

पाटील काका: रिपोर्टात विषाणू सापडत नाही. मग गोळ्या कशाला?

डॉ. मंजिरी: 🙏 दहा लाख निपचित सीडी४ पेशींत जेमतेम एखादीत धड विषाणू असतो, पण तेवढा पुरतो. १९९७ मध्येच हे सिद्ध झालं. या पेशी इतक्या सावकाश घटतात की नुसत्या गोळ्यांनी साठा संपायला साठ-सत्तर वर्षं लागावीत. त्यात पेशी विभागली की आतला विषाणूही आयता दुप्पट. मिसिसिपीतल्या एका बाळाला जन्मानंतर ३० तासांत औषध सुरू केलं होतं. दीड वर्षाच्या सुमारास ते सुटलं, पुढे दोन वर्षांहून जास्त काळ विषाणू आला नाही. २०१४ मध्ये आला.

पाटील काका: बर्लिनवाला बरा झाला की.

डॉ. मंजिरी: तो बर्लिनवाला, टिमथी ब्राऊन, त्याला रक्ताचा कॅन्सर होता, म्हणून दात्याच्या मूलपेशी दिल्या. एचआयव्हीला पेशीत शिरायला बहुधा लागणारा सीसीआर५ हा रिसेप्टर त्यांच्यावर नव्हता. तेही दोनदा करावं लागलं, जीव जाता जाता वाचला. रोजच्या एका गोळीवर भागत असताना हे कोण करेल?

कुलकर्णी वहिनी: पण घरातल्यांना लागण?

डॉ. मंजिरी: जेवणाखाणाने, डब्यांनी कधीच होत नाही. नियमित गोळ्या घेऊन विषाणू सापडेनासा झाला असेल, तर शरीरसंबंधातूनही नाही. गोळ्या बंद केल्या की ही हमी गेली.

पाटील काका: बंद करून किती दिवस चालतं?

डॉ. मंजिरी: काका, तुमच्या ओळखीच्याने बंद केल्यात का?

पाटील काका: पंधरा दिवस झाले. मीच म्हटलं होतं, रिपोर्ट चांगला आहे ना.

डॉ. मंजिरी: बहुतेकांत दोन ते चार आठवड्यांत विषाणू परत दिसतो. उद्या सकाळीच सरकारी एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रात जायला सांगा, गोळ्या तिथे मोफत आहेत. बाकी मला पर्सनलवर लिहा, इथे नको.

जोशी सेक्रेटरी: फोटो मी अ‍ॅडमिन म्हणून काढलाय. उद्या टाकी धुणार, दहा ते एक पाणी बंद.

शिंदे: गेल्या महिन्यात एक म्हणून चार केले होते.