बोट सारखी, मग रडगाणं कशाला?

शंभर_किलो:
'शिडात_वारा' यांनी लिहिलंय, "आयएलसीए म्हणजे जुनी लेझर, एकट्यानं चालवायची शिडाची बोट. तिच्या शर्यतीत सगळ्यांची बोट सारखी, जोडीला कुणी नाही, तेव्हा हरलात तर दोष तुमचाच. वजनाचं आणि जुन्या शिडाचं रडगाणं बंद करा." डोकं सणकलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बोट सारखी, कबूल. माणसं सारखी आहेत का? सात नंबरचं शीड ७.०६ चौरस मीटर. त्याला ऐंशी किलोच्या आसपासचा गडी फिट्ट बसतो. माझ्या वजनाचा अंदाज नावावरून आलाच असेल. वारा पडून पाच-सहा नॉटवर आला की माझी बोट पाण्याला चिकटते आणि काटकुळी पोरं मान न वळवता बाजूने निघून जातात. आमच्यासारख्या जड माणसांसाठी फिन नावाची बोट होती. १९५२ पासून टोकियोपर्यंत ऑलिंपिकमध्ये टिकली, मग काढून टाकली. ब्रिटनच्या बेन एन्सलीनं २००० मध्ये लेझरचं सुवर्ण घेतलं, मग अंग कमावून फिनमध्ये गेला आणि तिथे आणखी तीन सुवर्णं. एवढ्या मोठ्या खलाशालाही बोट बदलल्यावर वजन बदलावं लागलं, हे रडगाणं का?

आणि शीड! नवं शीड उलगडताना कागदासारखं कुरकुरतं. वापरून मऊ पडलं की मागची कड फडफडायला लागते, वाऱ्यावर चढताना बोट जीव धरत नाही. दर मोसमात नवं घेणारा आणि मी, एकसारखे?

शिडात_वारा:
एन्सलीचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे, साहेब. त्यानं वजन बदललं, धागा नाही काढला. आणि वीस नॉटच्या जोरदार वाऱ्यात बोटीबाहेर लटकून आम्हाला मागे टाकता, तेव्हा "हा अन्याय आहे" असं म्हणताना तुम्हाला कुणी ऐकलेलं नाही.

खारट:
एन्सलीची आरती पुरे. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये शेवटच्या शर्यतीत त्यानं काय केलं? ब्राझीलच्या रॉबर्ट शाइटला अडवून अडवून ताफ्याच्या शेपटीला नेलं. स्वतः पुढे जायचं सोडून दुसऱ्याला मागे ओढणं, हे कसलं नावाडीपण?

शिडात_वारा:
नियमात बसणारं. १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये शाइटनंच त्याला स्टार्टला गंडवलं होतं. दोघंही लवकर सुटले, दोघंही बाद, आणि गुणांत पुढे असल्यानं सुवर्ण शाइटला. फिटंफाट.

उलटी_पालटी:
तुम्ही ऑलिंपिकवर भांडा, आपल्यातला खरा रोग पंपिंग आहे, म्हणजे शीड पुन्हापुन्हा ओढून बोट पळवणं. शर्यतीचा नियम ४२ म्हणतो, लाटेवर घसरायला शीड एका लाटेला एकदाच ओढायचं. गेल्या मोसमात माझ्यापुढचा गृहस्थ एकाच लाटेवर तीनदा शीट, म्हणजे शिडाची दोरी, ओढत होता. मागून त्याचा खांदा स्पष्ट दिसत होता, हातपंप मारल्यासारखा. आपल्या बोटी सहा मीटरच्या आतल्या, तक्रारीला झेंडा लागत नाही, म्हणून नुसतं "प्रोटेस्ट" ओरडलो. तो हसला! सुनावणीत साक्षीदार नाही म्हणून मीच तोंडावर पडलो.

वाऱ्यावरची_वरात:
मोठ्या स्पर्धेत गेला असता तर कळलं असतं. पंचांची शिट्टी, पिवळा झेंडा, शिक्षा म्हणून बोटीच्या दोन चकरा. दुसऱ्यांदा धरला तर शर्यत सोडायची, तिसऱ्यांदाही सोडायची, नाही सोडली तर अख्ख्या स्पर्धेतून बाद.

उलटी_पालटी:
ताई, तिथे ज्युरीची बोट मागे असते. आमच्याकडे एकच सेफ्टी बोट, तीही उलटलेल्या पोरांना उचलण्यात गुंतलेली.

शंभर_किलो:
फिन आणि ओके या बोटींच्या शर्यतीसारखं करा की. ठरावीक वाऱ्याच्या वर पंपिंग खुलं. कटकटच संपली.

शिडात_वारा:
वा! म्हणजे ज्याचे दंड जाड त्याचं राज्य. आत्तापर्यंत अन्याय होत होता तो कुणावर म्हणे?

शंभर_किलो:
तुम्हाला साठ किलोत न्याय दिसतो, मला शंभरात. जरा माझं वजन घेऊन सहा नॉटमध्ये बसून दाखवा, मग तोंड उघडा.

खारट:
दोघांनी भाषा सांभाळा.

शिडात_वारा:
बरं बाबा, मान्य. पडलेल्या वाऱ्यात शंभर किलो म्हणजे नांगरच. खूश? शिडाबद्दल मात्र एक शब्द मागे घेणार नाही. जुन्या शिडावर माझ्यापुढे जाणारे मी स्वतः पाहिलेत.

शंभर_किलो:
उपकार झाले. ते पुढे जाणारे किती किलोचे होते, तेही सांगा.

उलटी_पालटी:
रोल टॅकवर, म्हणजे बोट झुकवून झटक्यात वळवण्यावर, कुणी बोलणार आहे का? टॅक संपल्यावर बोट आधीपेक्षा जोरात पळते, आणि सगळे आभाळाकडे बघतात.

वाऱ्यावरची_वरात:
त्याला वेगळा धागा काढा. आणि त्या गृहस्थांनाही बोलवा.